स्वतःचा चॅट सर्व्हर आणि त्याचं लायसन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, छोट्या कंपन्या, शाळा, एखादं नर्सिंग होम. "कामाचं बोलणं व्हॉट्सॲपवर नको, आपलं काहीतरी हवं" असं म्हणत लोक ओपन सोर्स चॅट सर्व्हरकडे वळतात. सर्व्हर बसतो, चालू होतो, आणि महिन्याभराने कुणीतरी विचारतं, "अहो, पण याचं लायसन्स?" हा प्रश्न खरं तर आधी यायला हवा. खालची उत्तरं मुख्यतः ईजॅबरडी या सर्व्हरला धरून आहेत. बाकीचे जिथे वेगळे पडतात तिथे त्यांची नावं घेतली आहेत. मी सर्व्हर बसवणारा माणूस आहे, वकील नाही. मोठ्या रकमेचा करार असेल तर कागद वकिलाला दाखवूनच सही करा.

आम्हाला फक्त ॲप हवंय. मध्येच सर्व्हरचं काय?

ॲप उद्या बदलता येईल. खाती, संपर्कयादी, ग्रुप, फोन बंद असलेल्या माणसासाठी अडकून राहिलेले मेसेज, हे सगळं सर्व्हरवर असतं. ईजॅबरडी ज्या खुल्या चॅट-पद्धतीवर चालतो त्या एक्सएमपीपीत फोनवरचं ॲप सर्व्हरशी ५२२२ या पोर्टवर बोलतं, आणि एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरशी ५२६९ वर. ईमेलसारखंच हे: तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी निरोप पोहोचतो. ही पद्धत जेरेमी मिलर यांनी १९९९च्या जानेवारीत 'जॅबर' या नावाने जाहीर केली. २००४मध्ये तिला आयईटीएफ या इंटरनेटची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण मिळालं आणि २०११मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली.

लायसन्सच्या दृष्टीने एवढं लक्षात ठेवा की पद्धत कुणाच्या मालकीची नाही. सर्व्हरचा प्रोग्रॅम एकाचा असतो, ॲप दुसऱ्याचं असतं, आणि दोघांची लायसन्स वेगळी असतात. निम्मा गोंधळ इथेच होतो.

मग कोणता सर्व्हर घ्यावा?

ईजॅबरडी अलेक्सेई शेपिन यांनी २००२मध्ये अर्लांग भाषेत लिहायला घेतला. आज तो प्रोसेसवन ही फ्रेंच कंपनी सांभाळते. लायसन्स जीपीएल (प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्यायला लावणारं), आवृत्ती २ 'किंवा त्यानंतरची'. हे शेपूट महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे आवृत्ती ३ निवडायची मोकळीक राहते. हजारो लोक एकदम जोडलेले असले तरी हा सर्व्हर डगमगत नाही. त्याची सेटिंग मात्र वायएएमएल फाइलमध्ये असतात. तिथे दोन स्पेस इकडच्या तिकडे झाल्या की एक तर सर्व्हर उठत नाही, नाहीतर उठतो आणि तुमची एक ओळ गुपचूप भलत्याच विभागात जाऊन बसते.

प्रॉसडी लुआ भाषेत आहे आणि त्याचं लायसन्स एमआयटी, म्हणजे सोर्स द्यायची सक्ती नसलेलं. पन्नास-शंभर माणसांच्या ऑफिसला मी डोळे मिटून हाच सुचवतो. रॅस्पबेरी पायवरसुद्धा निवांत चालतो. ओपनफायर जावात आहे, लायसन्स अपाची २.०, तेही तसंच मोकळं. ब्राउझरमधून सगळं सांभाळायला मिळतं म्हणून नव्या माणसाला तो आवडतो. टिगेस एजीपीएलवाला (जीपीएलचंच जास्त कडक भावंड, त्याबद्दल खाली). मंगूसआयएम ही ईजॅबरडीचीच फुटलेली शाखा, जीपीएल २ घेऊन आलेली.

एक्सएमपीपीच्या बाहेर पडलात तर मॅट्रिक्स पद्धतीचा सिनॅप्स आहे, आणि स्लॅकच्या वळणाचे झुलिप, मॅटरमोस्ट, रॉकेट.चॅट आहेत. फ्रान्स सरकारचं 'चॅप' आणि जर्मन सैन्याचं मेसेंजर मॅट्रिक्सवर चालतात, हे ऐकून बरेच जण सिनॅप्स मागतात. जरूर घ्या, पण मेमरी आणि डिस्क हात राखून देऊ नका.

ओपन सोर्स म्हणजे फुकट ना?

नाही. सोर्स मिळतो, वापरायची-बदलायची-वाटायची मुभा मिळते. पैसे घेऊन विकायलाही कोणतंच ओपन सोर्स लायसन्स मनाई करत नाही. सर्व्हरचं भाडं, डोमेन, बॅकअप आणि रात्री अकराला फोन उचलणारा माणूस यांचे पैसे पडतातच.

आम्ही जसाच्या तसा उतरवून ऑफिसात चालवणार आहोत. लायसन्स पाळण्यासाठी काय करायचं?

काहीही नाही. जीपीएल २च्या पहिल्याच कलमात म्हटलंय की प्रोग्रॅम चालवण्यावर बंधन नाही. अपाची आणि एमआयटीतही नाही. एजीपीएलसुद्धा न बदललेला प्रोग्रॅम चालवणाऱ्याकडून काही मागत नाही. कुठे नोंदणी नाही, नूतनीकरण नाही, किती माणसं वापरतात याचा हिशेब नाही. ऑडिटरने "लायसन्सची पावती दाखवा" म्हटलं तर सोर्ससोबत आलेली 'कॉपीइंग' (COPYING) किंवा 'लायसन्स' नावाची फाइल छापून द्या. तोच कागद.

आणि कोड बदलला तर? सगळा सोर्स जगाला द्यावा लागतो म्हणतात.

हा गैरसमज इतका खोलवर रुजलाय की जरा सविस्तर सांगतो.

जीपीएल २ला तुम्ही काय बदललं याच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही तो प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात दिला का, एवढंच ते विचारतं. दिला असेल तर ज्याला दिला त्याला सोर्सही द्यायचा, नाहीतर किमान तीन वर्षं टिकणारं लेखी आश्वासन द्यायचं. स्वतःच्या मशीनवर ठेवून लोकांना नुसती सेवा दिली, तर 'वाटप' झालंच नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या खिशात आहे. व्हॉट्सॲपची सुरुवात ईजॅबरडीवर झाली. मग त्या लोकांनी फ्रीबीएसडी आणि अर्लांगच्या पोटात शिरून तो इतका बदलला की २०१२च्या जानेवारीत त्यांनी एका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त कनेक्शन पेलल्याचं जाहीर केलं. २०१४मध्ये फेसबुकने कंपनी १९ अब्ज डॉलरला घेतल्याची घोषणा केली, तेव्हा वापरणारे ४५ कोटी होते. तो बदललेला सर्व्हर कुणाला दिलेला नव्हता, तो त्यांच्याच मशीनवर चालत होता. त्यामुळे जीपीएल २च्या हिशेबाने एकही ओळ बाहेर दाखवायची गरज नव्हती.

हीच फट बुजवायला एजीपीएल आलं. त्याची आवृत्ती ३ नोव्हेंबर २००७ची. तिचं १३वं कलम सांगतं: प्रोग्रॅम बदलला असेल आणि लोक नेटवर्कवरून त्याच्याशी व्यवहार करत असतील, तर त्या लोकांना बदललेला सोर्स मिळवायची सोय ठळकपणे द्या.

म्हणजे एजीपीएलपासून लांबच राहावं?

मला तसं वाटत नाही. कलम नीट वाचा. 'बदलला असेल' ही पहिली अट, आणि सोर्स द्यायचा तो 'वापरणाऱ्यांना'. समजा तुम्ही आता एजीपीएलखाली असलेल्या सिनॅप्समध्ये ऑफिसपुरता फेरफार केला आणि वापरणारे फक्त तुमचेच ऐंशी कर्मचारी आहेत, तर सोर्सची सोय त्या ऐंशी जणांना करायची. सगळ्या जगापुढे मांडायची सक्ती नाही. मात्र त्यांच्यापैकी कुणी तो पुढे दिला तर अडवताही येणार नाही, कारण लायसन्सचे हक्क त्यालाही मिळाले. तुमचा सर्व्हर बाहेरच्या सर्व्हरशी जोडलेला असेल तर 'वापरणारे कोण' यावर वाद घालण्यापेक्षा लिंक सरळ सार्वजनिक ठेवा. पासवर्ड, किल्ल्या आणि ग्राहकांची नावं कोडमध्ये नाहीत ना, एवढं पाहून घ्या. ती कोडमध्ये असतील तर काळजी लायसन्सची नाही, त्यांचीच करा.

आम्ही नुसतं प्लगिन लिहिलंय. तेही जीपीएलखाली येतं का?

ते कुठे बसतं यावर आहे.

ईजॅबरडीचं मॉड्यूल, म्हणजे प्लगिन, सर्व्हर ज्यात चालतो त्याच अर्लांग व्हीएममध्ये लोड होतं, त्याची फंक्शनं थेट बोलावतं, त्याच्या आतल्या घटनांना हुक लावतं. असं मॉड्यूल कुणाला देणार असाल तर ते जीपीएलखालीच द्या. यावर वकिलांची मतं दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतात, पण ग्राहकाच्या पैशावर हा वाद कोर्टात नेऊन पाहण्यात शहाणपण नाही.

बंद कोड ठेवायचाच असेल तर तो बाहेर ठेवा. उदाहरणार्थ, पतसंस्थेचे कर्मचारी आधीच्याच युजरनेम-पासवर्डने चॅटमध्ये यावेत, असं हवं असतं. ईजॅबरडीत यासाठी बाहेरच्या स्क्रिप्टची सोय आहे. सर्व्हर ती स्क्रिप्ट स्वतंत्र प्रोसेस म्हणून उठवतो आणि तिच्याशी फक्त स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलतो. आधी दोन बाइट येतात, पुढचा मजकूर किती लांब ते सांगणारे. मग मजकूर: 'ऑथ' हा शब्द, युजर, सर्व्हर, पासवर्ड, आणि त्यांच्यामध्ये कोलन. स्क्रिप्टने चार बाइटमध्ये उत्तर द्यायचं. पहिले दोन लांबीचे, म्हणजे ० आणि २. पुढचे दोन ० आणि १ असले तर आत घ्या, ० आणि ० असले तर परत पाठवा. बस. (एखाद्याच्या पासवर्डमध्येच कोलन असतो आणि स्क्रिप्ट सरळ कोलनवर तोडते. मग तोच एक माणूस लॉगिन होत नाही आणि अख्खा दिवस नेटवर्क तपासण्यात जातो. तोडताना पहिल्या तीन कोलनवर थांबा.)

इतक्या अंतरावरून बोलणारी स्क्रिप्ट हा वेगळा प्रोग्रॅम, तिचं लायसन्स तुम्ही ठरवा. सॉकेटवरून जोडला जाणारा बाहेरचा कंपोनंट आणि एचटीटीपी एपीआय यांनाही हाच न्याय. प्रॉसडी एमआयटीखाली असल्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

सर्व्हर आमचा, ॲपही आमच्या नावाने काढायचं आहे. लोगो बदलला की झालं?

इथे मात्र सावध. सर्व्हरच्या बाबतीत काहीही न करणारे लोक ॲपच्या वेळी अडकतात, कारण ॲप प्ले स्टोअरवर टाकणं म्हणजे सरळसरळ वाटप.

अँड्रॉइडवरचं कॉन्व्हर्सेशन्स हे एक्सएमपीपीचं उत्तम ॲप जीपीएल ३खाली आहे. ते घेऊन लोगो, रंग आणि सर्व्हरचा पत्ता बदलून संस्थेच्या सभासदांना दिलंत, तर त्या बदललेल्या ॲपचा पूर्ण सोर्सही त्यांना द्यावा लागतो, जीपीएल ३खालीच. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांना कामासाठी दिलं तर ते संस्थेच्या आतलं मानलं जातं. सभासद, पालक, पेशंट हे आतले नव्हेत.

आयफोनवर आणखी एक पाचर आहे. ॲपलच्या स्टोअरच्या अटी आणि जीपीएल यांचं जमत नाही. याच कारणाने व्हीएलसी प्लेअर २०११च्या जानेवारीत तिथून काढला गेला होता. म्हणून आयफोनसाठी मोनल बघा, त्याचं लायसन्स बीएसडी आहे, एमआयटीसारखंच मोकळं.

"सोर्स दिला तर कुणीही आमच्यासारखं ॲप काढेल" ही भीती मला नेहमी ऐकवली जाते. काढू दे की. तुमच्या सर्व्हरवरचं खातं त्याला मिळणार आहे का?

सिनॅप्सने मध्येच लायसन्स बदललं. उद्या आमच्या सर्व्हरचंही बदललं तर?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात.

सिनॅप्स २०२३च्या अखेरपर्यंत अपाची २.० खाली होता. नोव्हेंबर २०२३मध्ये तो बनवणाऱ्या एलिमेंट कंपनीने जाहीर केलं की यापुढचा विकास एजीपीएल ३खाली होईल आणि कोड देणाऱ्यांना सीएलए, म्हणजे योगदानाचा करार, करावा लागेल. त्यांची तक्रार खोटी नव्हती. खर्च त्यांचा, आणि त्याच कोडवर धंदा करणारे परत काही देत नव्हते. पण सीएलए काय करतो ते पाहा. तुम्ही दिलेला कोड जगाला एजीपीएलखाली मिळतो, आणि कंपनीला तोच कोड दुसऱ्या अटींवर विकायची मुभा मिळते. एकाच कोडचे दोन दरवाजे, आणि दुसऱ्याची किल्ली एकाच्याच हातात.

बदल मागे जात नाही, हे खरं. तुम्ही अपाचीखाली घेतलेली आवृत्ती अपाचीखालीच राहते, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण पुढचे सुरक्षेचे पॅच नव्या लायसन्सखाली येतात. जुन्या आवृत्तीला कवटाळून बसलं तर वर्षभरात ती धोक्याची होते. म्हणजे कागदावर निवड असते, व्यवहारात फारशी नसते.

म्हणून मी लायसन्सचं नाव वाचून थांबत नाही. कॉपीराइट कोणाकडे आहे ते बघतो. लिनक्स कर्नलचा कॉपीराइट हजारो लोकांत विखुरलेला आहे. सगळ्यांची संमती कोण गोळा करणार? त्यामुळे त्याचं लायसन्स बदलणं जवळपास अशक्य. ईजॅबरडीचे हक्क प्रोसेसवनकडे एकवटलेले आहेत, तेही योगदान देणाऱ्यांकडून सीएलए घेतात, आणि बिझनेस एडिशन वेगळी विकतात. ते वीस वर्षांहून जास्त काळ नीट वागलेत हे त्यांच्या बाजूने बोलतं, पण ते वागणं आहे, बंधन नाही.

मॅटरमोस्टचं तर पंचांगच वेगळं. कंपनीने स्वतः बनवलेली तयार फाइल घेतलीत तर एमआयटी. तोच सोर्स घेऊन तुम्ही स्वतः बनवलीत तर एजीपीएल, किंवा त्यांच्याशी पैशाचा करार. रॉकेट.चॅटमध्ये बहुतांश कोड एमआयटी, पण 'ईई' नावाचा फोल्डर कंपनीच्या वेगळ्या लायसन्सखाली. अशा ठिकाणी वेबसाइटवर 'ओपन सोर्स' लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका, फोल्डर उघडा.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. झुलिप ही कंपनी ड्रॉपबॉक्सने २०१४मध्ये विकत घेतली आणि २०१५मध्ये सगळा कोड अपाची २.० खाली मोकळा केला. आज तो प्रकल्प स्वतंत्रपणे उभा आहे.

आम्ही बाहेरच्या डेव्हलपरला पैसे देऊन मॉड्यूल लिहून घेतलं. ते आमचं ना?

करारात काय लिहिलंय? काहीच लिहिलं नसेल तर बहुधा नाही.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर पहिला मालक नोकरी देणारा. बाहेरचा फ्रीलान्सर मात्र नोकर नव्हे. त्याने लिहिलेल्याचा हक्क त्याच्याकडे राहतो, लेखी हस्तांतरण होईपर्यंत. आणि हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 'पूर्ण कॉपीराइट मुदतीसाठी, जगभरासाठी' हे शब्द त्या कागदावर हवेत. बिल चुकतं केलं म्हणजे मालकी आली, असं नाही.

टेंडरमध्ये 'सॉफ्टवेअरची संपूर्ण मालकी संस्थेकडे' अशी अट आहे. भरायचं का?

तशीच्या तशी मान्य करू नका. जे तुमचं नाही ते तुम्ही कसं देणार? प्री-बिड मीटिंगमध्ये शब्द बदलून मागा: नव्याने लिहिलेल्या भागाची मालकी संस्थेकडे, मूळ ओपन सोर्स भाग त्याच्या लायसन्सप्रमाणे, आणि सगळा सोर्स बिल्ड स्क्रिप्टसह सुपूर्द. अधिकाऱ्याला प्रत्यक्षात हवं असतं ते एवढंच, की उद्या व्हेंडर पळाला तर काम अडू नये.

दुसरी नेहमीची अट 'ओईएमचं ऑथरायझेशन लेटर', म्हणजे मूळ उत्पादकाचं अधिकारपत्र. प्रॉसडीसाठी ते कोण देणार! त्याऐवजी सपोर्टचा अनुभव आणि एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) तपशील चालेल का, ते लेखी विचारून घ्या. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापराचं धोरण २०१५पासून आहे आणि त्यात ओपन सोर्सचा पर्याय आधी बघा असंच सांगितलंय. पत्रात त्याचा उल्लेख करा, टेबलापलीकडचा माणूस थोडा सैल होतो.

डेटा उडाला तर कोणाला धरायचं?

लायसन्समध्ये कुणालाच नाही. जीपीएल, एमआयटी, अपाची सगळ्यांत 'आहे तसं, हमी नाही' असं स्पष्ट आहे. हमी हवी तर ती एएमसीच्या करारातून विकत घ्या.

कोड सगळ्यांना दिसतो, मग हॅक करणं सोपं नाही का?

कोड दिसतो म्हणून नव्हे, अपडेट न केल्यामुळे घरं फुटतात. ओपनफायरच्या ॲडमिन कन्सोलमध्ये २०२३मध्ये एक भोक सापडलं, सीव्हीई-२०२३-३२३१५. पासवर्ड न देता कन्सोलच्या आतल्या पानांपर्यंत पोहोचता येत होतं, आणि ते २०१५च्या आवृत्तीपासून तसंच होतं. दुरुस्ती लगेच आली, तरी पुढचे कित्येक महिने जुने सर्व्हर फोडले जात होते. ९०९० हे कन्सोलचं पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवायचं कारणच काय?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॅबर.आरयू या जुन्या सार्वजनिक सर्व्हरचा प्रकार उघड झाला. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता. होस्टिंगच्या पातळीवरच कुणीतरी मध्ये बसून, खरंखुरं लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट मिळवून, ५२२२ वरची वाहतूक वाचत होतं. कळलं कशामुळे? त्या चोराच्या सर्टिफिकेटची मुदत संपली, त्याने ते वेळेत बदललं नाही आणि लोकांना एरर दिसू लागली. म्हणून ओमेमो, म्हणजे फोन ते फोन एनक्रिप्शन, चालू ठेवा. आणि एकमेकांच्या किल्ल्या तपासून घेतल्या असतील, तर मध्ये कुणीही बसला तरी त्याच्या हाती मजकूर लागत नाही.

सर्व्हर आमचा, तरी नोटिफिकेशन बाहेरून का येतं?

आयफोनला जागं करायचा हक्क ॲप बनवणाऱ्याच्या किल्लीला असतो, तुमच्या सर्व्हरला नाही. म्हणून 'काहीतरी आलंय' एवढा इशारा ॲपवाल्याच्या पुश सर्व्हरमार्गे, ॲपलकडून फोनवर जातो. नीट बसवलं तर त्या इशाऱ्यात मजकूर नसतो. झुलिपसारख्या प्रकल्पात सर्व्हर स्वतःचा असला तरी मोठ्या ऑफिसांसाठी ही पुश सेवा पैसे देऊन घ्यावी लागते. कोडचं लायसन्स एक, सेवेच्या अटी दुसऱ्या.

सरकारी नियम आम्हाला लागू होतात का?

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत: १८० दिवसांचे लॉग ठेवा, ठरावीक प्रकारची सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. लॉग म्हणजे कोण कधी जोडलं गेलं याची नोंद. मेसेजचा साठा ही वेगळी गोष्ट, दोन्हींची मिसळ करू नका. २०२१च्या आयटी नियमांतली 'पहिला पाठवणारा शोधून द्या' ही अट पन्नास लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सेवांसाठी आहे, तुमच्या दीडशे जणांच्या सर्व्हरसाठी नाही.

लायसन्स कितीही मोकळं असलं तरी सरकारी बंदीपासून ते वाचवत नाही. मे २०२३मध्ये केंद्राने १४ मेसेजिंग ॲप बंद केल्याचं जाहीर झालं, त्यात एलिमेंट (मॅट्रिक्सचं ॲप) आणि ब्रायर ही ओपन सोर्स ॲपही होती.

सर्व्हरचं नाव 'आमचं जॅबर' ठेवू का?

नको. लायसन्स कोडचं मिळतं, नावाचं नाही. जॅबर हा ट्रेडमार्क सिस्कोकडे आहे, २००८मध्ये जॅबर इन्कॉर्पोरेटेड विकत घेतल्यापासून. अपाची २.० मध्ये तर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही असं वेगळं कलमच आहे. एखादं साधं मराठी नाव ठेवा.

युजरनेम मराठीत ठेवता येतात का?

येतात, पण टाळा. एक्सएमपीपीचे जुने नियम अदृश्य जोडाक्षर-चिन्ह गाळून टाकतात. 'सुऱ्या' हे नाव कीबोर्डने साधा र, हलन्त आणि ते चिन्ह वापरून लिहिलं असेल, तर सर्व्हरवर ते 'सुर्या' होतं. स्वतंत्र ऱ वापरून लिहिलं असेल तर टिकतं. बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, सर्व्हरला ती दोन वेगळी माणसं वाटतात. आयडी रोमनमध्ये ठेवा आणि दिसायचं नाव खुशाल मराठीत भरा.

आमच्या व्हेंडरने बदललेला ईजॅबरडी दिलाय, सोर्स द्यायला तयार नाही. काय करायचं?

आधी लेखी मागा, आणि मागताना 'जीपीएल कलम ३प्रमाणे' असा उल्लेख करा. तुम्हाला प्रोग्रॅम दिला म्हणजे सोर्सवर तुमचा हक्क आहे, वेगळे पैसे न मोजता. फार तर पाठवणीचा खर्च मागता येतो. न देणाऱ्याचा हक्क जीपीएल २मध्ये आपोआप संपतो, म्हणजे पुढच्या ग्राहकाला तो प्रोग्रॅम देणंही बेकायदा. आवृत्ती ३ थोडी समजूतदार आहे. पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर हक्क परत मिळतो. दावा मात्र कॉपीराइट ज्याचा त्यानेच करायचा असतो, म्हणून ईजॅबरडीच्या बाबतीत तक्रार प्रोसेसवनला कळवा.

बहुतेक व्हेंडर इथपर्यंत येत नाहीत, पत्र मिळताच एक झिप फाइल पाठवून देतात. ती उघडून बघा. जीपीएल २च्या लेखी पूर्ण सोर्समध्ये कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही येतात. नुसत्या अर्लांगच्या फाइली असतील, तर पुन्हा पत्र लिहा.